औषध घेता का?

आमच्या कामात समोरच्या माणसाला पहिली विनंती ठरलेली असते. खोल श्वास घ्या आणि दम पुरेल तोवर ‘आ’ म्हणा. माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग बायकोकडे, मग मोबाइलकडे. त्यानंतर जो ‘आ’ निघतो तो मोबाइल टिपून घेतो.

हा ‘आ’ मी परभणी जिल्ह्यात ओसरीत, देवळाच्या पारावर, बुद्धविहारात आणि एकदा पिठाच्या गिरणीत टिपला आहे. गिरणी तेवढ्यापुरती बंद करायला लावली म्हणून दळण घेऊन बसलेल्या बायकांनी मला बरंच सुनावलं. निवृत्त एसटी चालक ‘आ’ हॉर्नसारखा सोडतात. शिक्षक मंडळी आधी घसा साफ करतात आणि वर्गाकडे बघावं तसं घरच्यांकडे बघतात. ताडकळसच्या आठवडी बाजारात दोन मित्रांनी पैज लावून ‘आ’ केला. हरलेल्याचं म्हणणं असं पडलं की मशीन दुसऱ्याच्या पार्टीचं आहे.

काम समजावून सांगतो. पार्किन्सन हा मेंदूचा आजार. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात आणि नावातच घोटाळा आहे. हात थरथरला नाही तर कंपवात नाही, असं लोक धरून चालतात. बऱ्याच जणांचा हात थरथरत नाही. हालचाल मंद होते, आवाज खाली जातो, अक्षर बारीक होत जातं, चेहरा हलेनासा होतो. घरच्यांना हे म्हातारपण वाटतं, आळस वाटतो किंवा राग वाटतो. रक्त तपासून हा आजार कळत नाही. जाणत्या डॉक्टरने माणूस चालताना, बोलताना, बोटं हलवताना बघावा लागतो. असे डॉक्टर मोठ्या शहरात बसतात.

म्हणून एका संशोधन संस्थेने मोबाइलला हे बघायला शिकवायचं ठरवलं. डॉक्टरांनी तपासलेल्या आजारी माणसांचे आवाज एका बाजूला ठेवायचे, निरोगी माणसांचे दुसऱ्या बाजूला. असे पुष्कळ नमुने दिले की मशीन दोन्हींतला फरक आपला आपण शोधतं. फरक नेमका कशावरून शोधला हे मात्र ते सांगत नाही. ‘आ’ झाल्यावर काही वाक्यं वाचायची, पडद्यावरच्या दोन ठिपक्यांवर आळीपाळीने बोट टेकवायचं, मोबाइल खिशात ठेवून अंगणात चालायचं आणि शेवटी बोटाने गोल गोल वाढत जाणारी रेघ काढायची. या शेवटच्या चाचणीला जिल्हाभर जिलेबी म्हणतात. शेवटी मशीन हिरवी किंवा तांबडी खूण दाखवतं. तांबडी खूण म्हणजे आजार नव्हे. तांबडी म्हणजे या माणसाला डॉक्टरांनी बघावं. नांदेडहून महिन्यातून एकदा येणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंसमोर त्याला न्यायचं, इथपर्यंत माझं काम.

मी त्याआधी आयुष्यभर जिल्हा वार्ताहर होतो. दैनिकाची परभणीतली कचेरी बंद झाली तेव्हा संस्थेला असा माणूस हवा होता, जो अनोळखी घरात जाऊन प्रश्न विचारील आणि मिळालेलं उत्तर स्वतःची भर न घालता लिहील. दुसरं काही मला येतही नव्हतं.

सुरुवातीलाच एक गंमत झाली. वाचायच्या वाक्यांत एक वाक्य होतं: तुम्ही जेव्हा आलात तेव्हा आम्ही घरीच होतो. मशीन शिकलं होतं पुण्याच्या आवाजांवर. आमच्याकडे हे वाक्य समोर लिहिलेलं असलं तरी तोंडातून ‘तुमी जवा आलाव तवा आमी घरीच व्हतो’ असं येतं. मशीनने गेलेला प्रत्येक ‘ह’ मोजला आणि माणसाचा श्वास कमी पडतो, जीभ जड झाली आहे, असा निष्कर्ष काढला. ताडकळसमध्ये धडधाकट माणसांच्या नावापुढे तांबड्या खुणांची रांग लागली. पुण्याहून मशीन शिकवणाऱ्या मुलीचा फोन आला. तिने काळजीने विचारलं की तिकडे कसली साथ आली आहे का. मी म्हटलं, आहे, पण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि तिने कोणी दगावलेलं नाही.

मुलगी हुशार होती. तिने चूक लगेच ओळखली, आमच्याकडच्या निरोगी माणसांचे आवाज मागवून घेतले आणि मशीनला पुन्हा शाळेत घातलं. वाक्यंही इथल्या बोलीत आली. आम्हाला वाटलं, भाषेचा प्रश्न मिटला. वाक्यांनंतर येणाऱ्या प्रश्नांकडे मात्र कोणी पाहिलं नाही. ते साध्या, शुद्ध मराठीत होते. वय किती, झोप कशी लागते, वास येतो का, आणि आपण कोणते औषध घेता.

आता गुरुलिंगआप्पांकडे येतो.

मानवतला बाजार समितीच्या रस्त्यावर आप्पांचं बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. कपाळाला भस्म, पांढरा सदरा, समोर काचेचा गल्ला. आप्पा बोलायला मोकळे, पण त्यांचं खरं दुकान चालायचं चेहऱ्यावर. शेतकरी सरकीचं पाकीट हातात घ्यायचा आणि पाकिटावरचं काही न वाचता आप्पांकडे बघायचा. माल चांगला असेल तर आप्पांचा चेहरा फुललेला असायचा. कंपनीने माल गळ्यात मारलेला असेल तर तेही चेहऱ्यावर यायचं. पंचक्रोशीतल्या लोकांना हे ठाऊक होतं. एजंटांनाही ठाऊक होतं, आणि ते यावरून आप्पांवर चिडायचे.

वर्षभरात हा चेहरा थांबला. हसणं गेलं, कपाळावरची आठीही गेली. आवाज इतका खाली आला की समोरचा दोनदा ‘काय म्हणलाव?’ विचारायचा. सुटे पैसे मोजताना दोन्ही हात ओल्या मातीत घातल्यासारखे हलायचे. गिऱ्हाइकांनी आपापला अर्थ लावला. कोणी म्हणालं आप्पांना पैशाचा माज आला. कोणी म्हणालं मालात खोट आहे, म्हणून माणूस तोंड दाबून बसला आहे. उधारीवाले आणि रोखीवाले दोघेही समोरच्या दुकानात जायला लागले.

थोरला मुलगा महेश दुकानात वडिलांच्या हाताखाली होता. त्याने दोष औषधांच्या वासाला दिला. सगळं आयुष्य त्या बाटल्यांत गेलं, विष अंगात भिनलं, असं त्याचं म्हणणं होतं. मृगाच्या आधी आप्पांना घरी बसवायचं आणि पुन्हा दुकानाची पायरी चढू द्यायची नाही, हे त्याने आईला सांगून टाकलं होतं. मुलगा वाईट नव्हता. तो घाबरला होता. आप्पांना गल्ल्यावरून उठवणं म्हणजे काय, हे बहुधा त्यालाही कळत होतं, कारण हे तो त्यांच्या समोर बोलत नसे.

मी दुकानात गेलो ते महेशनेच बोलावल्यावरून. आप्पांनी ‘आ’ केला तो गल्ल्यापलीकडे पोचला नाही. जिलेबी सुपारीएवढी आली. खूण तांबडी उमटली. मग प्रश्न सुरू झाले. वय, झोप, वास. शेवटी मी पडद्यावरचं वाक्य वाचलं: आपण कोणते औषध घेता?

आप्पांनी गल्ल्यावरची सुटी नाणी बाजूला सारली. मग हळू आवाजात म्हणाले, “मी घेत न्हाई. मी इकतो.”

चेहरा न हलवता केलेला विनोद होता तो. दुकानातली माणसं हसली, महेश हसला, मीही हसलो आणि रकान्यात ‘नाही’ लिहिलं.

पुढच्या महिन्यात परभणीच्या शिबिरात डॉक्टर बाईंनी आप्पांना तपासलं. चालवलं, वळवलं, मनगट फिरवून पाहिलं, दोन्ही हातांची बोटं उघडझाप करायला लावली. मशीनचं म्हणणं बरोबर आहे, लक्षणं आहेत, असं त्या म्हणाल्या. पण बाईंनी गोळ्या लिहून दिल्या नाहीत. खरा पार्किन्सन बहुतेक वेळा एका बाजूने सुरू होतो, सावकाश वाढतो. आप्पांचे दोन्ही हात सारखेच मंद होते आणि सगळं वर्षाच्या आत झालं होतं. त्यामुळे हा खरा पार्किन्सन असेल हे बाईंना पटत नव्हतं. काही औषधं चालू आहेत का, हे त्यांनी स्वतः पुन्हा विचारलं. महेशने ठामपणे नाही सांगितलं. बाईंनी पुढच्या महिन्यात परत आणा म्हटलं आणि महेश फवारणीच्या औषधांबद्दल विचारू लागला. तोही विषय बाईंनी उडवून लावला नाही. अशा औषधांशी वर्षानुवर्षं संबंध येणाऱ्यांना धोका जास्त असतो हे खरं, असं त्या म्हणाल्या. महेशला तेवढंच ऐकायचं होतं. परत जाताना गाडीत त्याने पहिल्यांदाच वडिलांना तोंडावर सांगितलं की आता दुकान बस्स. आप्पांनी उत्तर दिलं का, हे मी विचारलं तेव्हा महेश म्हणाला, “दिलं आसंल, काका. मला ऐकू आलं न्हाई.”

त्यानंतरच्या आठवड्यात मी ताडकळसच्या बाजारात होतो. मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या एक बाई, नाव सुभद्राबाई, वय साठीपुढचं, चाचणीला तयार झाल्या. ‘आ’ असा केला की शेजारच्या कांदेवाल्याचं गिऱ्हाईक दचकलं. बाकीचे प्रश्न सुरळीत गेले. औषध घेता का, असं मी विचारलं आणि त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

“आवो सायेब, औषध कशाला घीन मी? लेकरं चांगली हायेत माजी. सून बी वाईट न्हाई.”

शेजारचा कांदेवाला म्हणाला, “मावशी, औषध महाग बी लय झालंय.” आजूबाजूची सगळी रांग हसली. सुभद्राबाईही हसल्या.

मी हसलो नाही. वार्ताहर असताना पोलीस ठाण्यातून रोज येणाऱ्या बातम्यांत एक वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल ते सांगता येणार नाही: विषारी औषध प्राशन केले. गावात तर ‘विषारी’ हा शब्दही कोणी लावत नाही. औषध म्हणजे कपाशीवर फवारायचं ते. औषध मारलं म्हणजे फवारणी झाली. औषध घेतलं म्हणजे माणसाला दवाखान्यात न्यावं लागतं. दवाखान्यातून येते ती गोळी, सुई, सलाईन किंवा चमच्याने घ्यायची पातळ बाटली. आणि आम्ही घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारत होतो, कोणते औषध घेता? सगळे नाही म्हणत होते. काही जणांनी मला चहा का दिला नाही, याचाही उलगडा झाला.

मी सुभद्राबाईंना दुसऱ्या पद्धतीने विचारलं. रोज गोळी कोणती खाता? त्यांनी कनवटीची पिशवी सोडली. बीपीची एक, गुडघ्याची एक, चक्करची एक अशा तीन गोळ्या निघाल्या.

दुपारच्या गाडीने परभणी आणि तिथून मानवत गाठलं. आप्पा अजून गल्ल्यावर होते, पण गल्ल्याची किल्ली महेशच्या खिशात गेली होती. मी मोबाइल काढलाच नाही. सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय टाकता, तेवढं सांगा म्हटलं. आप्पांनी सावकाश सांगायला सुरुवात केली. उठल्यावर पाणी. मग गॅसची. मग पूजा, मग चहा.

गॅसची म्हणजे काय, असं मी विचारलं. आप्पांनी गल्ल्याचा खालचा खण ओढला. आत कॅप्सूलच्या पट्ट्या होत्या. दोन वर्षांपूर्वी छातीत जळजळ होत होती. एका डॉक्टरने थोड्या दिवसांसाठी लिहून दिलेली ही कॅप्सूल. बरं वाटलं म्हणून आप्पांनी चालूच ठेवली. ओळखीच्या मेडिकलवरून पट्टी यायची. चिठ्ठी लागत नव्हती.

महेश कपाळाला हात लावून उभा होता. मी आप्पांना विचारलं, हे तुम्ही डॉक्टर बाईंना का नाही सांगितलं?

“तुमी औषध इचारलं,” आप्पा म्हणाले. त्यांनी हात उचलून मागच्या फळीवरच्या बाटल्या दाखवल्या. “औषध ते हाय. ही गोळी हाय.”

मी पट्टीचा फोटो बाईंना पाठवला. त्या नांदेडला दवाखान्यात होत्या तरी फोन लगेच आला. गॅसच्या काही गोळ्यांत जळजळ कमी करणाऱ्या औषधाला आणखी एका औषधाची जोड असते. ते पोट हलकं करतं, उलटी थांबवतं आणि मेंदूत हालचाल चालवणाऱ्या रसायनाची वाट अडवून बसतं. रोज घेतलं तर काही माणसांत हुबेहूब पार्किन्सनची लक्षणं दिसतात. आप्पांच्या पट्टीत तीच जोड होती. बाईंनी कॅप्सूल बंद करायला सांगितली आणि मला बजावलं की बरे होतील असं वचन घरच्यांना देऊ नका. बहुतेक जण सुधारतात. काही जणांत गोळीच्या आड खरा आजारही दबा धरून बसलेला असतो. वाट बघायची.

वाट बघणं महेशला जमत नव्हतं. त्याचा दिवसाआड फोन यायचा. फरक काहीच नाही, काका. मशीन पुन्हा लावून बघू का, काका. मशीनने काही होत नाही, त्याला जे दिसतं तेच ते सांगतं, असं मी त्याला सांगत राहिलो. दुकानाचं काय ठरलं, हे मी विचारलं नाही. पेरणी जवळ येत होती आणि मागच्या खोलीत आप्पांसाठी पलंग टाकून झाला होता.

पहिला फरक दुकानात दिसला नाही, स्वयंपाकघरात दिसला. आप्पांच्या पत्नी कलावतीबाई हे सांगायला स्वतः फोनवर आल्या. त्या दिवशी वरणात मीठ घालायचं राहून गेलं. आप्पांनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. अख्ख्या वर्षात त्यांनी जेवणावर तोंड वाकडं केलं नव्हतं. कलावतीबाईंचा डोळ्यांवर विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम अळणी वरण केलं.

मी विचारलं, मग?

“मग काय. पुन्हा केलं वाकडं. वरून म्हणले, हिचं मन थाऱ्यावर न्हाई, हिला दाखवा त्या मॅडमला.”

हे सांगताना कलावतीबाईंना हसू आवरत नव्हतं आणि फोन मधेच महेशने घेतला. आता तरी मशीन लावून बघू का, काका, असं त्याने विचारलं.

त्यानंतर सुधारणा सावकाश पण थेट होत गेली. आप्पा झोपेत कुशीवर वळू लागले. सदऱ्याच्या गुंड्या स्वतः लावू लागले. पूजेच्या वेळचा आवाज शेजाऱ्यांना पुन्हा ऐकू जाऊ लागला. शिबिरात बाईंनी तपासलं आणि त्याही हसल्या. तरी दर काही महिन्यांनी दाखवत राहा, असं त्यांनी बजावलं. आप्पा म्हणाले, बोलवा, पण खुर्ची जरा चांगली ठेवा.

पुण्याच्या मुलीला मी सगळी हकिगत कळवली. मशीनची यात चूक नव्हती, असं मी तिला सांगितलं. त्याला जे ऐकू आलं ते त्याने बरोबर ओळखलं होतं. प्रश्न आमचा चुकला होता. तिने तो काढून टाकला. आता पडद्यावर येतं: गॅसची, चक्करची, उलटीची, झोपेची, बीपीची, डोक्याची कोणती गोळी, कॅप्सूल किंवा पुडी खाता? पट्टी दाखवा. मग पट्टीचा फोटो घ्यायचा. सुभद्राबाईंचा या प्रश्नात मोठा वाटा आहे हे मी त्यांना सांगितलं. बक्षीस काय, असं त्यांनी विचारलं आणि मग मलाच कोथिंबिरीची एक जुडी दिली.

पूर्वी ‘नाही’ लिहिलेल्या सगळ्या घरी मी पुन्हा गेलो. बऱ्याच ठिकाणी पट्ट्या निघाल्या. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी होत्या, काहींमुळे उपचार बदलले. काही माणसं मुलांकडे पुण्याला निघून गेली होती, काही राहिली नव्हती. त्यांच्या घरून परत येताना जे वाटलं ते बातमीत बसणारं नाही. सगळ्यांचं आप्पांसारखं झालंही नाही. पाथरीच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या पिशवीत काहीच निघालं नाही. त्यांना खरा पार्किन्सन होता. बाईंनी गोळ्या सुरू केल्या आणि मुंगीएवढं झालेलं त्यांचं अक्षर पुन्हा वाचता येऊ लागलं. आता त्या घरात सगळ्यांना ऐकवतात की मी आळशी नव्हते, आजारी होते. हे ऐकवण्यात त्यांना गोळीइतकाच आराम मिळत असावा.

पेरणीच्या दिवसांत मी मानवतला गेलो तो आप्पांचे ताजे नमुने घ्यायला. दुकानात शिरायला जागा नव्हती. आप्पा गल्ल्यावर होते. मागच्या खोलीतल्या पलंगावर खतांची पोती रचलेली होती. मी उभा राहिलेला पाहून आप्पांनी गर्दीच्या डोक्यावरून ‘आ’ केला, अगदी लांबलचक, आणि मोबाइल चालू नव्हता हे कळल्यावर पुन्हा केला. जिलेबी काढताना म्हणाले, ही घ्या, पाक तेवढा तुमच्या पुण्यातून आणा. खूण हिरवी आली. महेशने ती दुकानातल्या सगळ्यांना दाखवली. बऱ्याच जणांना ती कशाची हे माहीत नव्हतं, पण त्यांनी मान डोलावली.

तेवढ्यात एक शेतकरी गर्दीतून पुढे आला. समोरच्या दुकानात गेलेल्यांपैकीच तो एक, हे महेशने मला नंतर सांगितलं. त्याने सरकी मागितली. महेशने जाहिरातीतलं, खपाचं पाकीट काढून दिलं, भाव सांगितला, उत्पन्नाचं सांगितलं. शेतकऱ्याने पाकीट हातात घेतलं. त्याचं रान हलकं, मुरमाड. ते वाण भारी जमिनीचं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्याने पाकिटावरचं काही वाचलं नाही. मान वळवून गल्ल्याकडे पाहिलं. आप्पा दुसऱ्या कोणाचे तरी सुटे पैसे मोजत होते. त्यांनी मोजता मोजता वर बघितलं, पाकीट पाहिलं, माणूस पाहिला. त्यांची डावी भुवई वर गेली आणि खाली आली. पुन्हा ते पैसे मोजू लागले.

शेतकऱ्याने पाकीट महेशसमोर परत ठेवलं.

“हे नगं,” तो म्हणाला. “आप्पा न्हाई म्हनायलेत.”